त्रोगिरहून शिडाची नौका : एका चार्टर सेवेचे परीक्षण

क्रोएशियाच्या डाल्मेशियन किनाऱ्यावर आठवडाभरासाठी शिडाची नौका भाड्याने घ्यायची ठरवली, की नौका कोणती हा प्रश्न नंतरचा आणि बंदर कोणते हा प्रश्न आधीचा असतो. स्प्लिट, काश्तेला, शिबेनिक, दुब्रोव्निक अशा अनेक ठिकाणांहून या नौका सुटतात आणि एकाच बनावटीच्या नौकेच्या भाड्यात बंदरागणिक फार मोठा फरक पडत नाही. आम्ही त्रोगिर निवडले, त्यामागे दोन कारणे होती. स्प्लिटच्या नावाने ओळखला जाणारा विमानतळ प्रत्यक्षात स्प्लिटपेक्षा त्रोगिरला जवळ, सुमारे सहा किलोमीटरवर आहे, त्यामुळे मुंबईहून मध्ये विमान बदलून थकून आलेल्या माणसांना पुढे लांबचा रस्ता पकडावा लागत नाही. आणि नौका जेथे बांधलेली असते तेथून जुने शहर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या दुसऱ्या कारणाचे महत्त्व करारपत्र नीट वाचल्यावर कळते.

करारपत्राचा कणा म्हणजे शनिवार. या किनाऱ्यावरची जवळजवळ सगळी चार्टर सेवा, म्हणजे नौका भाड्याने देण्याचा व्यवसाय, शनिवार ते शनिवार अशी चालते. नौका शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ताब्यात मिळते, पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत ती मूळ बंदरात परत आणावी लागते आणि शनिवारी सकाळी नऊला सामानसुमानासह उतरावे लागते. म्हणजे कागदावर सात रात्री दिसत असल्या, तरी पहिली रात्र बहुधा धक्क्यावर जाते आणि शेवटची तर नक्कीच धक्क्यावर जाते. समुद्रावर खऱ्या अर्थाने फिरायला मिळतात ते रविवारपासून शुक्रवारच्या दुपारपर्यंतचे दिवस. विमानाची तिकिटे काढण्याआधी ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर शनिवारी पहाटे उतरून दिवसभर बॅगा सांभाळत बसण्याची वेळ येते. आम्ही शुक्रवारीच पोहोचून जुन्या शहरात एक रात्र काढली आणि शनिवारचा दिवस त्रोगिरला दिला. हा खर्च सर्वांनी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. त्रोगिर आणि लागूनच असलेल्या सेगेट येथील बहुतेक कंपन्यांचे करार एकाच साच्यातले असतात आणि पुढे ज्या गुणदोषांविषयी लिहिले आहे ते एका कंपनीपुरते नसून या व्यवसायाच्या पद्धतीतच आहेत, असे शेजारच्या नौकांवरील प्रवाशांशी बोलल्यावर वाटले.

त्रोगिरचे जुने शहर म्हणजे मुख्य भूमी आणि चिओवो बेट यांच्या मधोमध अडकलेले एक छोटेसे बेट आहे. एका बाजूला लहान पूल मुख्य भूमीकडे जातो, दुसऱ्या बाजूला चिओवोकडे. आत मोटारी नाहीत. व्हिस बेटावरच्या इस्सा या ग्रीक वसाहतीतील लोकांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ते वसवले आणि रस्त्यांची मूळ आखणी आजही त्याच काळातली आहे. १४२० ते १७९७ या काळात येथे व्हेनिसची सत्ता होती. पश्चिम टोकावरचा कामेर्लेंगो किल्ला तिच्याच सुरुवातीच्या काळातला. १९९७ मध्ये युनेस्कोने हे शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतले. संत लॉरेन्सच्या प्रधान मंदिराचे पश्चिम दार शिल्पकार रादोवानने १२४० मध्ये घडवले आणि त्यावर स्वतःचे नावही कोरले. दाराच्या दोन्ही बाजूंना सिंहांवर उभे असलेले आदम आणि हव्वा बहुतेक जण पाहतात, परंतु थोडे थांबून पाहिले तर खांबांवर वर्षातील महिन्यांची कामे, डुक्कर कापणारा माणूस, शेकोटीपाशी बसलेला माणूस अशी घरगुती दृश्ये सापडतात आणि धार्मिक शिल्पांपेक्षा तीच अधिक वेळ धरून ठेवतात. आत डावीकडे त्रोगिरच्या संत इव्हानचे छोटे उपमंदिर आहे. १४६८ मध्ये काम सुरू झालेल्या त्या दालनात फ्लोरेन्सच्या निकोलाने मशाली घेऊन दारातून डोकावणारी बालके कोरली आहेत. घंटाघराच्या जिन्याने वर गेल्यास संपूर्ण बेट, दोन्ही पूल आणि धक्क्यावरच्या डोलकाठ्यांचे रान एका नजरेत येते.

बेनेडिक्टाइन जोगिणींच्या मठात ठेवलेला कैरोसचा शिल्पपट मात्र शोधावा लागतो. योग्य क्षणाचा हा ग्रीक देव पळता पळता दाखवला आहे. पुढे केसांची बट, मागून डोके भादरलेले, म्हणजे तो समोरून येत असतानाच धरायचा, पुढे गेल्यावर हाती काही लागत नाही. ज्या गावात दर शनिवारी शेकडो माणसे नौकेच्या चाव्या मिळण्याची वाट पाहत बसतात, त्या गावाने हा देव जपून ठेवावा हे मला गमतीचे वाटले.

आता नौकेकडे. चार्टरचे ढोबळ प्रकार तीन. केवळ नौका घ्यायची आणि ती स्वतः चालवायची, हा बेअरबोटचा प्रकार. त्यासाठी क्रोएशियाच्या अधिकाऱ्यांना मान्य असलेला नौकाचालनाचा परवाना आणि शिवाय समुद्रावर संपर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हीएचएफ रेडिओचे प्रमाणपत्र लागते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या काही मराठी मित्रांनी तेथील नौकानयन संस्थेचा डे स्किपर अभ्यासक्रम पूर्ण करून आयसीसी हे नौका चालवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेतले आहे, त्यांना हा मार्ग मोकळा आहे. दुसरा प्रकार म्हणजे नौकेसोबत कंपनीमार्फत स्किपर, म्हणजे नौका चालवणारा कप्तान, घेणे. तिसरा म्हणजे स्वयंपाकी आणि सेवकवर्गासह पूर्ण सेवा, जी आमच्या अंदाजपत्रकाच्या पलीकडची होती. आमच्यात परवानाधारक कोणी नसल्याने आम्ही दुसरा प्रकार घेतला आणि नौका म्हणून चार खोल्यांची लगून ४२ ही कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली नौका, ठरवली.

कॅटामरान की एकसांगाडी नौका, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. एकसांगाडी नौका वाऱ्यावर कलते, तिच्यात वेगाची मजा अधिक असते आणि ती स्वस्तही पडते. कॅटामरान कलत नाही, बसायला ऐसपैस जागा देते आणि बोटीची मळमळ होणाऱ्यांना सुसह्य ठरते. आमच्यात सत्तरीच्या एक आत्या आणि दोन शाळकरी मुले होती, त्यामुळे निर्णय कॅटामरानच्या बाजूने झाला आणि तो योग्य होता. मात्र १२.८० मीटर लांबीची ही नौका ७.७० मीटर रुंद असते आणि धक्क्यावर दोन नौकांची जागा अडवते. त्यामुळे धक्काभाडे बरेच जास्त द्यावे लागते आणि लहान बंदरांत संध्याकाळी उशिरा पोहोचल्यास जागाच मिळत नाही. नौका ठरवताना दाखवलेल्या दरपत्रकात या गोष्टीचा उल्लेख कुठेही नव्हता.

दरपत्रकाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या सेवेची सर्वांत कमकुवत बाजू तीच आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धासाठी नौकेचे भाडे सुमारे ४,५०० युरो ठरले. निम्मी रक्कम नोंदणीच्या वेळी आणि उरलेली निघण्याच्या चार आठवडे आधी भरावयाची होती. येथवर सारे स्वच्छ होते. त्यानंतर ‘अनिवार्य पॅकेज’ या नावाखाली अखेरची साफसफाई, चादरी-टॉवेल, स्वयंपाकाचा गॅस आणि डिंगीचे (किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या छोट्या होडीचे) इंजिन यांचे मिळून ४०० युरो प्रत्यक्ष बंदरात द्यावे लागले. जी गोष्ट नाकारता येत नाही ती भाड्यातच का धरू नये, या प्रश्नाला कार्यालयात समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर भाडे कमी दिसावे, एवढेच त्याचे कारण दिसते. स्किपरचे दिवसाला २०० युरो वेगळे आणि त्याचे जेवण आपल्याकडे. डिझेल, धक्काभाडे आणि माणशी पर्यटनकर वेगळा. शिवाय ३,००० युरोंची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवली जाते. ती नको असल्यास परत न मिळणारी एक छोटी रक्कम विमा म्हणून भरून अनामत कमी करता येते. खाणेपिणे धरून सात जणांचा एकूण खर्च नऊ हजार युरोंच्या आत राहिला, म्हणजे विमानभाडे आणि व्हिसा वगळून माणशी साधारण सव्वा लाख रुपये. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ पासून युरो स्वीकारल्यामुळे हिशेब सोपा झाला आहे, परंतु जुन्या प्रवासवर्णनांत कुना या चलनातील आकडे सापडतात आणि ते आजच्या किमतींशी जुळत नाहीत. ज्यांना नोंदणी करायची आहे त्यांनी भाडे विचारूच नये. ‘बंदरात पाऊल ठेवल्यापासून उतरेपर्यंत एकूण किती’ असे लेखी विचारावे, आणि कंपनी त्याचे उत्तर किती सरळ देते यावरूनच कंपनीची परीक्षा करावी.

ताबा देण्याच्या कामात मात्र कंपनी पैकीच्या पैकी गुण मिळवते, जरी नौका ठरल्या वेळेपेक्षा उशिरा हाती आली. आदल्या आठवड्यातील प्रवासी सकाळी नऊला उतरले की पुढच्या आठ तासांत साफसफाई, दुरुस्ती आणि तपासणी उरकायची असते, त्यामुळे उशीर होणे समजण्यासारखे आहे; तो होणार असल्याचा निरोप आधी मिळाला असता तर बरे झाले असते. नौका दाखवणारी मुलगी अतिशय नेमकी होती. यादीतील प्रत्येक वस्तू, काटेचमच्यांपासून अग्निशामकापर्यंत, तिने आमच्यासमोर मोजली. लहान मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आम्ही आधी कळवल्याप्रमाणे ठेवलेली होती. संडासात कागददेखील टाकायचा नाही, साठवण टाकी कोणत्या झडपेने बंद होते, ती किनाऱ्यापासून दूर गेल्यावरच का उघडायची, हे तिने दोनदा समजावले. वातानुकूलन धक्क्यावरची वीज जोडल्याशिवाय चालत नाही, हे आम्हाला तेव्हाच समजले. सप्टेंबरात त्याची गरज भासली नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये खोल खाडीत नांगर टाकून झोपणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावे. पिण्याचे पाणी वेगळे विकत घ्यावे लागते. टाकीतले पाणी भांड्यांना आणि अंघोळीला, आणि तेही जपून, कारण बेटांवर पाणी दुर्मीळ आणि महाग आहे. आपल्याकडची बादलीभर पाण्याची अंघोळ येथे चैन ठरते.

स्किपरविषयी काही लिहिण्याआधी वाऱ्यांविषयी लिहावे लागेल, कारण सहलीचा आराखडा ठरवतो तो वारा. एड्रियाटिकच्या या भागात उन्हाळ्यात दुपारच्या सुमारास वायव्येकडून माएस्त्राल वाहू लागतो आणि सूर्यास्ताला पडतो. शीड उभारण्यासाठी हा मित्र वारा. आग्नेयेकडून येणारा युगो उबदार, दमट असतो, तो हळूहळू वाढतो आणि मोठ्या लाटा व पाऊस घेऊन येतो. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारी बुरा कोरडी आणि थंड असते, आकाश निरभ्र असतानाच ती अचानक झोत मारते, आणि तिलाच येथील दर्यावर्दी सर्वांत जास्त मान देतात. त्यामुळे प्रत्येक खाडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे पाहूनच रात्रीचा मुक्काम ठरतो. आम्ही मुंबईतून निघताना बेटांची क्रमवार यादी तयार करून नेली होती. पहिल्या संध्याकाळी आमच्या स्किपरने ती शांतपणे वाचली, हवामान संस्थेचा अंदाज दाखवला आणि आठवड्याच्या मध्यावर युगो येणार असल्याने व्हिस बेट आधी आणि ह्वार बेट नंतर करावे असे सुचवले. करारानुसार हवामानाच्या बाबतीत अखेरचा शब्द त्याचाच असतो, तरीही त्याने निर्णय आमच्याकडूनच काढून घेतला, हे त्याचे कसब.

कोकणात वाढलेल्या माणसाला या समुद्रात एक गोष्ट सतत खटकत राहते, ती म्हणजे भरती-ओहोटीचा अभाव. मुंबईत समुद्राची पातळी काही दिवशी पाच मीटरच्या आसपास वरखाली होते. येथे तो फरक साधारण वीतभराचा. म्हणूनच घरे, चर्च आणि खानावळी पाण्याला इतक्या बिलगून बांधता आल्या आणि म्हणूनच नौका मागची बाजू थेट धक्क्याला लावून, पुढून तळाशी बांधलेला दोर ओढून घेऊन, शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. धक्क्यावर उतरण्यासाठी एक अरुंद फळी टाकलेली असते. आत्यांना ती फळी पहिले दोन दिवस जड गेली, पुढे सवय झाली; गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी या एका गोष्टीचा गंभीरपणे विचार करावा.

रविवारी सकाळी निघून पहिला थांबा द्र्वेनिक वेली बेटाजवळच्या क्र्कनाशी खाडीत घेतला. पाणी सुंदर आहे, परंतु दहा वाजल्यानंतर स्प्लिटहून येणाऱ्या वेगवान सहल-बोटींची एवढी गर्दी होते की लवकर जाऊन लवकर निघणे हेच शहाणपण. रात्र शोल्टा बेटावरील मास्लिनित्सा येथे काढली. समुद्री चाच्यांपासून संरक्षणासाठी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला गढीवजा वाडा आता हॉटेल झाला आहे आणि खाडीच्या तोंडाशी विखुरलेल्या बेटांमागे सूर्य बुडतो. तेथून व्हिसपर्यंत उघडा समुद्र आहे. माएस्त्राल व्यवस्थित मिळाला, इंजिन बंद झाले आणि साडेतीन तास केवळ शिडावर गेलो. या सबंध खर्चाचे सार्थक कोठे झाले असे कोणी विचारले तर त्या साडेतीन तासांकडे बोट दाखवीन.

व्हिसवर मी मुद्दाम अधिक रेंगाळतो. युगोस्लाव्हियाच्या काळात हे बेट लष्करी तळ होते आणि १९८९ पर्यंत परदेशी पर्यटकांना येथे येण्यास मनाई होती. या बंदीमुळे जुनी गावे आणि द्राक्षमळे हॉटेलांच्या रेट्यातून वाचले. १९४४ मध्ये युगोस्लाव्ह नेता टिटोने आपले मुख्यालय येथील एका गुहेत हलवले होते, ती गुहा पायऱ्या चढून पाहता येते. लष्कराने खडकात खोदलेला पाणबुड्यांचा बोगदा आता रिकामा आहे. डिंगीने आत शिरल्यावर मुलांच्या हाका परतून येत राहिल्या आणि त्यांना तेवढेच व्हिस आठवते. व्हिस शहराच्या खाडीत ग्रीक इस्साचे दफनस्थान आणि रोमन स्नानगृहाचे अवशेष आहेत. बेटाच्या पश्चिम टोकाचे कोमिझा हे कोळ्यांचे गाव. फाल्कुशा ही त्यांची परंपरागत होडी. तिच्या कडेच्या फळ्या गरजेनुसार काढता-घालता येत असत, आणि एकेकाळी दूरच्या पालाग्रुझा बेटापर्यंत मासेमारीला निघालेल्या या होड्यांची चढाओढ लागत असे, कारण तेथील किनारा चिंचोळा आणि आधी पोहोचेल त्यालाच चांगली जागा. मासेमारीच्या छोट्या संग्रहालयात ही होडी जवळून पाहता येते.

बिशेवो बेटावरील निळ्या गुहेची जाहिरात प्रत्येक कंपनी करते. १८८४ मध्ये तिचे तोंड सुरुंगाने मोठे करण्यात आले, त्यातून लहान होड्या आत जातात आणि सकाळी अकराच्या सुमारास ऊन पाण्याखालच्या फटीतून शिरून गुहा निळी करते. तेवढ्याच वेळेला सर्वांना जायचे असते. आपली नौका आत जाऊ शकत नाही, तिकीट काढून रांगेत थांबावे लागते, आणि प्रत्यक्ष गुहेत काही मिनिटेच मिळतात. आमच्या स्किपरने रांगेची लांबी दुरून दाखवून आम्हाला परावृत्त केले आणि व्हिसच्या दक्षिणेला असलेल्या राव्निक बेटावरील हिरव्या गुहेत नेले, जेथे आत पोहता येते. त्याच किनाऱ्यावरील स्टिनिव्हा खाडीचे तोंड दोन उंच कड्यांमध्ये इतके अरुंद आहे की नौका बाहेर ठेवून पोहतच आत जावे लागते. ज्यांना पोहता येत नाही त्यांना या सहलीचा अर्धा आनंद मिळणार नाही, हे सांगितलेले बरे.

भाकितानुसार युगो आला तेव्हा आम्ही ह्वारवरील स्तारी ग्रादच्या लांबलचक खाडीत आत शिरून बसलो होतो. पारोस बेटावरच्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये वसवलेले हे गाव, आणि त्यामागील मैदानात त्यांनी दगडी बांधांनी पाडलेल्या शेतांच्या चौकटी आजही वापरात आहेत; २००८ पासून ते मैदानही युनेस्कोच्या यादीत आहे. पावसात चिंब होत त्या बांधांवरून चालणे झाले. ह्वार शहरात मुक्काम करण्याचा आमचा बेत यामुळे बारगळला, त्याचे दुःख नाही. पाक्लेनी बेटांवर नांगर टाकून ते शहर दुपारी पाहता येते आणि रात्रीचा गोंगाट व भाव दोन्ही टळतात.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. कोनोबा म्हणजे येथील घरगुती खानावळ. तिच्यात माशांचे राज्य असले तरी ब्लित्वा नावाची बटाटा घातलेली पालेभाजी, पाग बेटाचे चीज, ऑलिव्ह, ताजी अंजिरे आणि साध्या टोमॅटोच्या रश्श्यातील पास्ता सर्वत्र मिळतो. कोमिझाची पोगाचा ही कांदा, टोमॅटो आणि खारवलेले मासे भरलेली भाकरीवजा पोळी मासे खाणाऱ्यांनी चुकवू नये. लोखंडी घुमटाखाली निखाऱ्यांवर शिजवलेले पेका हवे असल्यास सकाळीच फोन करून सांगावे लागते, हे काम स्किपर करतो. अनेक कोनोबा नौका बांधण्यासाठी स्वतःचे बोये, म्हणजे तरंगते गोळे, पाण्यात सोडून ठेवतात आणि तेथे जेवल्यास रात्रभर नौका बांधण्याचे पैसे घेत नाहीत. नौकेवरच्या दोन शेगड्यांवर आम्ही सकाळचे पोहे आणि एका संध्याकाळी खिचडी केली. गोडा मसाला, मेतकूट, पोहे घरून नेता येतात. तूप मात्र नेऊ नये, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. किराणा त्रोगिरच्या पुलापलीकडील मंडईत आणि सुपरमार्केटात शनिवारी भरून घेतला. नौकेवर पोहोच करणारी सेवा कंपनीने सुचवली होती, ती दरांमुळे नाकारली.

स्किपर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना एक सूचना करावीशी वाटते. तो नोकर नाही आणि वाटाड्याही नाही. नौकेची आणि तुमच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याला नौकेच्या पुढच्या टोकाकडील चिंचोळ्या कोंदटशा कप्प्यात झोपायला दिले जाते, ही कंपनीची पद्धत मला आवडली नाही. चार खोल्यांत सहाच प्रवासी असते तर त्याला एक खोली देता आली असती. त्याला सोबत जेवायला बसवावे, रात्री उशिरापर्यंत डिंगीच्या फेऱ्या मारायला लावू नयेत. आमचा स्किपर मितभाषी होता, पण मुलांना गाठी मारायला शिकवताना आणि सुकाणू हाती देताना त्याच्याइतका धीराचा शिक्षक सापडणार नाही.

व्हिसाचे काम लवकर सुरू करावे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. निवासाचा पुरावा म्हणून आम्ही चार्टरचे करारपत्र, प्रवाशांची यादी आणि दोन्ही टोकांच्या हॉटेलची आरक्षणे जोडली. ती पुरेशी ठरली. कंपनीने ही यादी सही-शिक्क्यासह एका दिवसात पाठवली, याचे श्रेय दिलेच पाहिजे. हंगामाविषयी माझी पसंती निःसंशय सप्टेंबरला आहे : पाणी उन्हाळाभर तापून उबदार झालेले असते, भाडे ऐन हंगामापेक्षा बरेच उतरलेले असते आणि कोनोबा अजून उघड्या असतात. मे महिन्यात भाडे कमी असते, पण पाणी आपल्या लोकांना थंड लागेल.

शुक्रवारची परतणी मात्र नियोजनाची कसोटी पाहते. प्रत्येक नौका डिझेलची टाकी भरूनच परत करायची असते, त्यामुळे दुपारनंतर त्रोगिरच्या पंपावर गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणाच्या वाटेवर लागते तशी रांग लागते. आमच्या स्किपरने सकाळीच शोल्टावरील रोगाच बंदरात टाकी भरून घेतली आणि पावती जपून ठेवायला सांगितली. धक्क्याला लागताच कंपनीचा पाणबुड्या नौकेचा तळ आणि सुकाणू तपासून गेला. शनिवारी सकाळी हिशेबात मागील बाजूच्या एका ओरखड्यापोटी अनामतीतून १८० युरो कापल्याचे दिसले. ताबा घेताना मुलांनी गंमत म्हणून नौकेच्या प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढली होती, त्यांतल्या एकात तो ओरखडा तारखेसह स्पष्ट होता. ते दाखवल्यावर व्यवस्थापकाने वाद घातला नाही, दिलगिरी व्यक्त केली, आणि अडकवलेली संपूर्ण रक्कम आम्ही विमानतळावर पोहोचण्याआधी कार्डावर मोकळी झाली.